मनाची शिकवणी

२००१ सालचा हिवाळा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आधी डॉट-कॉमचा फुगा फुटला, मग सप्टेंबरमध्ये ते दोन टॉवर पडले, आणि त्यानंतर न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांतून एक शब्द हळू आवाजात ऐकू यायला लागला : ले-ऑफ. माझा नंबर नोव्हेंबरमध्ये लागला, ऐन दिवाळीच्या आठवड्यात.

मी तेव्हा मंडळाचा खजिनदार होतो. नोकरी गेल्याचं मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा पहिले नऊ दिवस नाही. महिन्याचा पास काढलेला होता, म्हणून रोजच्याच गाडीने मॅनहॅटनला जायचो, बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या पब्लिक लायब्ररीत दिवस काढायचो आणि संध्याकाळी नेहमीच्या गाडीने परत. दहाव्या दिवशी ऑफिसातून इन्शुरन्सच्या कागदांचं पाकीट घरी आलं आणि तिने ते उघडलं. ती रागावली नाही. "तू नऊ दिवस डबा घेऊन कुठे जात होतास?" एवढंच विचारलं. त्याचं उत्तर देताना मला जितकी लाज वाटली तितकी नोकरी जातानाही वाटली नव्हती.

त्यानंतरही मंडळात मी गप्पच होतो. हिशेब ई-मेलने पाठवत होतो, कार्यक्रमांना दांड्या मारत होतो. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. इंटरव्ह्यूला जाताना स्टेशनवर मी प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेषेपासून खूप मागे, भिंतीला टेकून उभा राहायला लागलो होतो. असं का करतोय, हे तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ काका होते, सत्तरच्या दशकात क्वीन्समध्ये येऊन राहिलेले इंजिनिअर. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून नुसतं काकाच म्हणतो. संक्रांतीला मी दिसलो नाही म्हणून त्यांचा फोन आला. चौकशी केली नाही, उपदेश तर नाहीच. म्हणाले, "अरे, शुक्रवारी संध्याकाळी मोकळा आहेस ना? चल, तुला एक तमाशा दाखवतो."

तो तमाशा म्हणजे डॉ. अल्बर्ट एलिस यांची शुक्रवारची कार्यशाळा. मॅनहॅटनच्या ईस्ट ६५ स्ट्रीटवर त्यांच्या संस्थेची जुनी, उंच इमारत होती. अगदी नाममात्र पैसे देऊन कोणीही आत जावं, खुर्ची धरावी. पुढे एलिस बसलेले. वय अठ्ठ्याऐंशी, शरीर काटकुळं, कानाला कमी ऐकू येणारे, पण आवाज खणखणीत. प्रेक्षकांतून कोणीतरी उठायचं, पुढे जाऊन बसायचं आणि सगळ्यांसमक्ष आपलं दुखणं सांगायचं. एलिस अर्धा तास त्या माणसाला प्रश्नांनी पार सोलून काढायचे. मग प्रेक्षक आपली मतं सांगायचे, आणि शेवटी त्या माणसाला गृहपाठ! तोंडात अधूनमधून अशा शिव्या की आपल्याकडच्या प्राध्यापकाची त्याच दिवशी नोकरी गेली असती. मी पहिल्या दिवशी अवाक होऊन बसलो होतो. मानसोपचार म्हणजे बंद दार, मंद दिवा आणि कुजबूज अशी माझी समजूत. इथे तर भर सभेत, गणिताच्या वर्गासारखं चाललेलं.

तिथे मी स्वतः एकदाही पुढे गेलो नाही. पण नंतर वर्षभर जेव्हा जमेल तेव्हा जात राहिलो. आणि मन सांभाळणं ही शिकवता येणारी, सराव करून अंगी येणारी गोष्ट आहे ही कल्पना आली कुठून, याचं मला कुतूहल लागलं. आज 'लाइफ स्किल्स' किंवा जीवनकौशल्ये हा शब्द शाळांच्या माहितीपत्रकांत इतका सर्रास दिसतो की त्यालाही काही इतिहास असेल असं वाटत नाही. माझ्यापुरता तो इतिहास ६५ स्ट्रीटवर सुरू होतो, म्हणून तिथूनच सांगतो.

एलिस यांचा जन्म १९१३ साली पिट्सबर्गचा, पण लहानाचे मोठे झाले ते न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात, वडील सदा फिरतीवर, आईचं फारसं लक्ष नाही. मुलगा अत्यंत बुजरा झाला. मुलींशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःवरच एक प्रयोग केला. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि त्याचे सहकारी लहान मुलांची भीती हळूहळू, त्या भीतीच्या वस्तूजवळ नेऊन घालवतात, असं त्याने वाचलं होतं. मग तो ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायला लागला. बाकावर एकटी बाई दिसली की तिच्या शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची, हा नियम. एका महिन्यात अशा एकशे तीस बायका झाल्या. तीस जणी उठून गेल्या. उरलेल्या शंभर जणींशी त्याने गप्पा मारल्या. फक्त एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही!

हा किस्सा एलिस जन्मभर सांगत राहिले. लोक हसायचे, पण मुद्दा वेगळा होता. शंभर नकार पचवूनही काही आभाळ कोसळलं नाही, हे त्या मुलाला अनुभवाने कळलं. भीती गेली ती विचाराने आणि कृतीने, दोन्ही मिळून. पुढचं सगळं शास्त्र या बाकावर बसलेलं आहे असं मला वाटतं.

पुढे सिटी कॉलेजची व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी, मग कोलंबियातून १९४७ मध्ये मानसशास्त्राची डॉक्टरेट. शिक्षण घेतलं मनोविश्लेषणाचं, म्हणजे फ्रॉइडच्या वाटेचं. रुग्ण कोचावर आडवा, डॉक्टर मागे गप्प, आणि वर्षानुवर्षं बालपण उकरायचं. एलिस यांना ते फार संथ वाटायला लागलं. १९५३ पर्यंत त्यांनी ती वाट सोडली आणि १९५५ मध्ये स्वतःची पद्धत सुरू केली. तिचं नाव त्यांनी दोनदा बदललं. १९९३ पासून ती 'रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी', आरईबीटी, म्हणून ओळखली जाते. मराठीत तिच्यासाठी 'विवेकनिष्ठ' हा सुंदर शब्द रूढ झाला आहे.

त्यातली मूळ गोष्ट तीन अक्षरांत मावते. ए म्हणजे घडलेली घटना. सी म्हणजे आपल्या मनावर झालेला परिणाम. आपण समजतो की ए मुळे सी होतो. एलिस म्हणत, मधे बी आहे : त्या घटनेबद्दल आपण मनात काय धरून बसलो आहोत ते. ही कल्पना आपली नाही हेही ते सांगत. एपिक्टेटस हा गुलामगिरीतून सुटलेला तत्त्वज्ञ जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी हेच शिकवत होता. एलिस यांनी त्यात भर घातली ती व्यवहाराची. माणसाच्या दुःखामागे बहुधा तीन हट्ट असतात असं त्यांनी मांडलं : मला यश मिळालंच पाहिजे, इतरांनी माझ्याशी चांगलं वागलंच पाहिजे, आणि जग माझ्या सोयीचं असलंच पाहिजे. इच्छा असायला हरकत नाही, 'च' आला की घोटाळा. (इंग्रजीत हे समजावताना ते 'मस्ट' या शब्दावर एक चावट कोटी करत. ती या अंकात छापता येणार नाही.)

काकांनी परतीच्या गाडीत एका पाकिटाच्या मागे माझी आकडेमोड करून दाखवली. ए : नोकरी गेली. सी : झोप नाही, लोकांना तोंड दाखवत नाही. "आता मधलं तू भर," म्हणाले. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि मग लिहिलं : नोकरी नसलेला माणूस कुचकामाचा असतो. काकांनी वाचलं आणि विचारलं, "माझी नोकरी १९७५ साली गेली होती. तेव्हा मी कुचकामाचा होतो का रे?" मला हे माहीतच नव्हतं. आमच्या घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

आणि मग गृहपाठ. एलिस यांच्या पद्धतीत लाज घालवायचे मुद्दाम केलेले व्यायाम असतात. त्यातला प्रसिद्ध म्हणजे केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावरून ओढत न्यायचं, नाहीतर सबवेत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायची. काकांनी मला केळं दिलं नाही. पाडव्याच्या पॉटलकला रांगेत उभं राहून, कोणी "काय, कसं काय?" विचारलं की "सध्या नोकरी नाही, शोधतोय," असं सरळ सांगायचं, एवढंच. किमान पाच जणांना.

ते वाक्य पहिल्यांदा बोलताना हातातली ताटली थरथरत होती. समोरचा माणूस दोन सेकंद गप्प झाला आणि म्हणाला, "माझीही गेली. जानेवारीत." तो पण टाय लावून घराबाहेर पडत होता. त्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये आम्ही चौघे निघालो.

पण माझी कहाणी पुरे, मूळ मुद्द्यावर येतो. एलिस यांनी १९५९ मध्ये जी संस्था काढली ती रुग्णांपुरती नव्हती. लोकांसाठी व्याख्यानं, पुस्तकं, कार्यशाळा, अगदी गाणीसुद्धा. लोकप्रिय चालींवर आपल्या रडगाण्यांची टिंगल करणारी गाणी ते स्वतः रचत आणि भसाड्या आवाजात म्हणत. आणि १९७० च्या सुमारास त्यांनी याच इमारतीत चक्क एक लहानशी शाळा सुरू केली, 'लिव्हिंग स्कूल'. नेहमीच्या विषयांबरोबर मुलांना स्वतःच्या भावना ओळखायला आणि स्वतःच्या विचारांशी वाद घालायला शिकवायचं. शाळा जेमतेम पाचेक वर्षं चालली. पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली, की हे शिकवायला डॉक्टर लागत नाही, तयार केलेला शिक्षक पुरतो. विल्यम नाउस यांनी १९७४ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी त्याची पुस्तिकाच लिहिली. मला विचाराल तर एलिस यांच्या कार्यातला हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. १९८२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या पाहणीत सर्वांत प्रभावी मानसोपचारक म्हणून कार्ल रॉजर्सनंतर एलिस यांचा दुसरा नंबर लागला, फ्रॉइडच्याही वर. त्या सगळ्या कौतुकात ही छोटी शाळा कोणाच्या लक्षात राहणार?

त्याच न्यूयॉर्क शहरात, पण वेगळ्याच दिशेने, दुसरा एक माणूस याच ठिकाणी येऊन पोहोचला. गिल्बर्ट बॉटविन. प्रश्न होता शाळकरी मुलांच्या सिगारेटींचा. तोपर्यंतची रीत म्हणजे काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवायची आणि घाबरवायचं. मुलांना सगळं माहीत असूनही ती ओढायचीच, कारण अडचण माहितीची नव्हतीच. मित्राने पुढे केलेली सिगारेट नाकारायची कशी, चारचौघांत अवघडल्यासारखं झालं तर काय करायचं, चिंता कशी आवरायची, हे कोणी शिकवलेलं नसायचं. बॉटविन यांनी नेमकं तेच शिकवणारा कार्यक्रम १९७९-८० च्या सुमारास बांधला आणि त्याला नाव दिलं 'लाइफ स्किल्स ट्रेनिंग'. सातवीत पंधरा तास, मग आठवीत दहा आणि नववीत पाच तासांची उजळणी. त्यात नुसतं सांगणं नाही : करून दाखवायचं, मुलांकडून नाटुकलं करून घ्यायचं, पुन्हा करायचं. न्यूयॉर्क राज्यातल्या ५६ शाळांत सुमारे सहा हजार मुलांवर त्याची चाचणी १९८५ मध्ये सुरू झाली. बारावीपर्यंत पाठपुरावा केला आणि १९९५ मध्ये निष्कर्ष छापले. जिथे कार्यक्रम नीट राबवला गेला होता तिथे व्यसनांचं प्रमाण बरंच कमी दिसलं. 'नीट राबवला' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हाहून शाळांमधल्या जीवनकौशल्य शिक्षणाची मार्गदर्शिका काढली. आज भारतातल्या पाठ्यपुस्तकांत जी दहा कौशल्यं पाठ करायला लावतात ती इथली : निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, नातेसंबंध, स्वतःची ओळख, समानुभूती, भावनांना आणि ताणाला तोंड देणं. ही पुस्तिका संघटनेच्या मानसिक आरोग्य विभागाने काढली होती. म्हणजे शाळेत हा विषय आला तो मनाच्या आरोग्यासाठी, मुलगा मुलाखतीत चमकावा म्हणून नव्हे. तेच १९९३ साल आणखी एका पुस्तकाचं. सिएटलच्या मार्शा लिनहॅन यांनी, ज्यांना पुन्हा पुन्हा जीव द्यावासा वाटतो अशा रुग्णांसाठी, भावना आवरण्याची कौशल्यं वर्गात बसवून शिकवण्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. सर्वांत अवघड दुखण्यालासुद्धा वर्ग आणि गृहपाठ!

इकडे महाराष्ट्रात काय चाललं होतं, हे मला काकांमुळे कळलं. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही विचारसरणी आत्मसात केली आणि आयुष्यभर आपल्याकडे शिकवली. पुढे अंजली जोशी यांनी एलिस यांच्या आयुष्यावर मराठीत 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीच लिहिली. ब्रॉन्क्सच्या माणसावर मराठी कादंबरी, आहे की नाही गंमत? ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे 'आयपीएच', काढली. त्याआधी पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीत डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्याबरोबर ते होतेच. 'आयपीएच'ने उपचारांबरोबर विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्यासाठी मनाच्या कार्यशाळा घेतल्या, 'वेध' सारखे मोठे कार्यक्रम उभे केले. विवेकनिष्ठ पद्धत तिथे मराठी घरातल्या उदाहरणांनी शिकवली जाते.

आपल्याकडे ही जमीन मुळात नांगरलेली होती, असं मला वाटतं. रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसून आजी 'मनाचे श्लोक' म्हणायला लावायची. दोनशे पाच श्लोक, आणि रामदास बोलतात ते थेट मनाशी. मनाला समजावणं, दटावणं, प्रश्न विचारणं ही कल्पना आम्हाला पाचव्या वर्षीच मिळाली होती. पण आम्ही ते घडाघडा म्हटलं आणि प्रसाद घेऊन पळालो. नोव्हेंबर २००१ मध्ये लायब्ररीत बसलो असताना त्यातलं काही वापरायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही. पाठांतर झालं होतं, सराव झाला नव्हता.

आणि नेमकं इथेच अलीकडच्या काळात गाडं अडलं आहे. शाळाशाळांतून मनाचे तास सुरू झाले की मुलं सुखी होतील अशी भाबडी आशा गेल्या काही वर्षांत वाढली होती. इंग्लंडमध्ये ध्यानाच्या तासांचा मोठा प्रयोग झाला, आठ हजारांवर विद्यार्थी. २०२२ मध्ये निष्कर्ष आला : नेहमीच्या शिकवण्यापेक्षा फायदा नाही. ऑस्ट्रेलियात तेरा-चौदा वर्षांच्या हजाराहून अधिक मुलांमध्ये, लिनहॅन यांच्या पद्धतीवर बेतलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला. २०२३ मध्ये छापलेले निकाल तर उलटे होते. तास झालेल्या मुलांमध्ये चिंता आणि उदासी किंचित जास्त, आईवडिलांशी नातं थोडं बिघडलेलं. मात्र ज्या मुलांनी घरी जास्त सराव केला, त्यांचं बरं चाललं होतं.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग वाटलं, पोहण्याची आठ व्याख्यानं देऊन मुलांना विहिरीत ढकललं तर दुसरं काय होणार? आणखी एक गोष्ट मला खटकते. कंपन्या माणसांवर दुप्पट काम लादतात आणि मग जेवणाच्या सुट्टीत ताणतणाव व्यवस्थापनाचं शिबिर ठेवतात. ही या शास्त्राची थट्टा आहे. ए बदलता येत असेल तर आधी ए बदलावा, हे एलिस यांनाही मान्य होतं. ते स्वतः तसेच वागले. २००५ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्यांच्याच संस्थेच्या मंडळाने त्यांना मंडळावरून काढलं. शुक्रवारची कार्यशाळा शेजारच्या भाड्याच्या जागेत भरायला लागली. त्यांनी 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं नाही. कोर्टात गेले आणि जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना मंडळावर परत बसवलं. २४ जुलै २००७ ला ते गेले. संस्था आजही आहे, पण त्या इमारतीत नाही.

आणि हेही स्पष्ट लिहायला हवं, की कौशल्यं शिकणं हा औषधाला किंवा डॉक्टरला पर्याय नाही. मला त्या हिवाळ्यात काकांनी तमाशा दाखवला, पण दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरकडेही पाठवलं. पिवळ्या रेषेची गोष्ट मी पहिल्यांदा त्या डॉक्टरांना सांगितली. बायकोला सांगायला आणखी सहा वर्षं लागली. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळाने मी आत गेलो तर ओट्याशी नुसतीच उभी होती.

काका आता नाहीत. त्यांच्या पश्चात आम्ही तिघा-चौघांनी (त्या पॉटलकमधलेच!) मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत एक छोटा प्रयोग सुरू केला आहे. शाळा सुटल्यावर पाऊण तास, वय दहा ते चौदा. तक्ता नाही, दहा कौशल्यांची यादी नाही. मुलं आठवड्यात घडलेली एक गोष्ट सांगतात, बाकीची मुलं त्यातला 'च' शोधतात, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत करायचा एक गृहपाठ ठरतो. ऑस्ट्रेलियाचा धडा घेऊन आम्ही एक अट घातली आहे : आईवडिलांपैकी एकाने त्या पाऊण तासात वर्गात बसायचं, आणि गृहपाठ आपणही करायचा. पहिल्या महिन्यात याच अटीवरून तीन कुटुंबं गळाली. मागच्या वेळी एका बाबांचा गृहपाठ होता मुलीसमोर 'माझं चुकलं' म्हणायचा. पुढच्या रविवारी मुलीला विचारलं, तर म्हणाली, "म्हणाले, पण खूप फास्ट म्हणाले."

त्यांना तोच गृहपाठ पुन्हा दिला आहे. संक्रांतीनंतर नवीन वर्ग सुरू होईल.